नाण्यावरची सब्बिया

चणेवाल्याने सुटे परत केले तेव्हा विबियाच्या हातात नवंकोरं काशाचं नाणं आलं. एका बाजूला महाराणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला लेकुरवाळी देवी: एक मूल कडेवर, दोन पायांशी. ठसा तिच्याच नवऱ्याने, फिलेरोसने, रोमच्या टाकसाळीत कोरलेला. विबियाने कौतुकाने नाणं उन्हात धरलं आणि तिथंच थबकली. खांदा पाडून, कंबर काढून उभी असलेली ही बाई देवी नव्हती. ही तर खालच्या मजल्यावरची सब्बिया!

घरी येऊन तिने नाणं नवऱ्याच्या पुढ्यात आपटलं.

"ही कोण?"

"देवी."

"देवीला सब्बियाची कंबर कुणी दिली?"

फिलेरोसने घास कसाबसा गिळला. "कामाला जाताना हौदावर दिसते ती. मूल कडेवर कसं बसतं ते कुठंतरी बघायला हवंच ना. आपल्या घरात कुठं..." आणि त्याने जीभ चावली.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. विबियाच्या अंगाचा तिळपापड झाला. महाराणीला दरसाल मूल होई, पण ती राहिली राजवाड्यात. तिचा हेवा करून काय मिळणार? सब्बिया मात्र कडेवर मूल घेऊन रोज जिन्यात भेटायची, आणि आता तर साऱ्या रोमच्या मुठीत जाऊन बसली होती.

विबिया तडक खाली गेली. "बघ, माझ्या नवऱ्याने तुला किती निरखलंय ते!"

भांडण राहिलं बाजूलाच. सब्बिया हरखली. "अगंबाई, मी!" म्हणत तिने पाचही मजले गोळा केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा वारो दारात हजर. नदीवरचा हमाल, दंड मुसळासारखे.

"माझ्या बायकोला एवढं जवळून कधी बघितलंस रे?"

फिलेरोसच्या तोंडचं पाणी पळालं. विबियाने त्याला घटकाभर थरथरू दिलं; बरं वाटलं तिला. मग ती मध्ये आली.

"वारोभाऊ, मीच दाखवली त्याला. शेजारी उभी होते. म्हटलं, मूल असं घेतात, बघ आणि कोर."

"तू?"

"मग काय! आमच्या घरात कुठं आहे मूल, दाखवायला?"

वारोचे दंड सैल पडले. तो जिना उतरून गेला.

फिलेरोसने तिचा हात धरला. "वाचवलंस गं."

तिने हात झटकला. "माफ नाही केलं. उद्यापासून मागच्या गल्लीने जायचं. लांब पडलं तरी चालेल."

तो मागच्या गल्लीने जाऊ लागला. तरी विबिया कितीतरी दिवस खिडकीत उभी राहून तो कुठं वळतो ते बघत असे.