केळी पिकवणारा बँड

सोमवारी आमचा ड्रमर झुलाल एसटीत कंडक्टर म्हणून रुजू होणार होता. म्हणजे आमच्या ‘सातपुडा थंडर’ या रॉक बँडकडे उरला एक रविवार. तीन वर्षांत आमचं एकही गाणं कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. शिरपूरला दुसऱ्या कडव्यात लाईट गेली, अमळनेरला लोक. मरण्याआधी एकदा तरी, एका तरी माणसाने पूर्ण ऐकावं, एवढंच मागणं होतं.

म्हणून कीबोर्डवाल्या लोटनने यावलच्या कार्यक्रमासाठी पत्रक छापलं. त्यात खास माहिती होती. आमचा ड्रमर झुलाल जन्मल्यावर रडला नाही, त्याने चार मात्रा मोजल्या. गिटारच्या तारा उंटाच्या मिशांच्या आहेत. इंग्लंडात आमचं नाव घेतलं की घड्याळं दोन मिनिटं पुढे जातात. आणि आमच्या आवाजाने कच्ची केळी तासाभरात पिकतात.

“आसं लिखं म्हणजे लोके येतीन,” लोटन म्हणाला.

आले की! सव्वाशे शेतकरी स्टेजसमोर हात जोडून उभे. सर्वांत पुढे तोताराम आबा.

“पाया पडतो भाऊ, वाजवू नका. माल कापून ट्रकात भरला आहे. कच्चा दिल्लीला पोचला पाहिजे. वाटेतच पिकला तं व्यापारी हात लावनार नही.”

“आबा, ते सगळं खोटं आहे हो!” मी माईकवरून ओरडलो. मला रडू येत होतं.

“छापेल आहे न भाऊ. छापेल खोटं कसं राहीन?”

उंटाच्या मिशांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. लोकांनीच आमचे स्पीकर उतरवले, वर चहा पाजला. लोटनचा मी गळा दाबणार होतो, पण त्याने आधीच तोंड लपवलं होतं.

तेवढ्यात पुष्पाबाई म्हणून एक आजी आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. गावभर केळी, पण प्रसादाला पिकलेलं एक नाही. ट्रक गावाबाहेर गेल्यावर त्यांनी आम्हाला घरी नेलं आणि एका हिरव्यागार घडासमोर उभं केलं. स्वतः पाटावर बसल्या.

आम्ही वाजवलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. आजी हलल्या नाहीत. गाणं संपलं! झुलालच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आजींनी उठून एक केळं दाबून पाहिलं.

“आजून कच्चीच हाये. आखीन वाजवा.”

आमच्या आयुष्यातला पहिला वन्समोअर. नंतर दुसरा आला, मग पाचवा. दर वेळी आजी केळं दाबायच्या आणि पाटावर परत बसायच्या.

“मना हात दुखी राह्यनात,” झुलाल हळूच म्हणाला, “पन थांबू नको.”

मी डोळे मिटले. देवा, उद्या आजींचा प्रसाद कसाही होऊ दे, पण आज ही केळी पिकवू नकोस. आणि आठव्यांदा सूर लावला.