सात नंबरचा मायक्रोमीटर

अंबडच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये कारखान्यांची मोजमापाची उपकरणं वर्षातून एकदा तपासायला येतात. ती खरं बोलतात की थापा मारतात, हे ठरवायचं काम मंजुषाचं. पास झालं तर हिरवं स्टिकर, नापास झालं तर लाल. लाल लागलं की कारखाना ते भंगारात काढतो, आणि भंगारातलं कुणी मागितलं तर साहेब लोक खुशाल देऊन टाकतात. ही शेवटची गोष्ट मंजुषाला चांगलीच ठाऊक होती.

दिवाळीनंतरच्या सोमवारी नेहमीप्रमाणे त्या एका कारखान्याची पेटी आली. तिच्यातल्या जाडी मोजायच्या सात नंबरच्या मायक्रोमीटरवर 'मो' कोरलेलं होतं. मो म्हणजे मोतीराम, तिचे वडील. तेवीस वर्षं त्या कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी हाच वापरला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मागच्या पौषात ते गेले. दरवर्षी हा तपासून ती संध्याकाळी घरी आली, की चपला काढायच्या आत ते विचारायचे, "किती चुकतंय माझं?"

"दोन मायक्रॉन, दादा." म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन.

"तेवढं चालायचंच," म्हणून ते असे खूश व्हायचे, जसं काही पोरीने त्यांनाच पास केलं.

मंजुषाने सुती हातमोजे काढले. लॅबमध्ये याच्याइतकं मोठं पाप नाही. वीस अंशांच्या त्या थंड खोलीत उपकरणाला उघडा हात लावायचा नाही, हे नव्या लोकांना ती स्वतःच दटावून सांगते. पण 'मो'वरून बोट फिरवायचं होतं, आणि हातमोज्यातून ते काही लागेना. मग ती मायक्रोमीटर मुठीत धरून बराच वेळ बसून राहिली. दादांच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेली जागा तिच्या अंगठ्याला बरोबर सापडली. त्यांची फार आठवण आली.

शेवटी तिने माप ठाऊक असलेला पोलादी ठोकळा त्यात धरून मोजला. पाच मायक्रॉन कमी. चारपर्यंत चालतं. पुन्हा मोजला, तर सहा.

आणि मंजुषाबाईंना आनंद झाला. खोटं कशाला सांगा? आता लाल स्टिकर लागणार, मायक्रोमीटर भंगारात निघणार आणि मागून आणला की दादांच्या फोटोखाली कायमचा राहणार. तिने लाल स्टिकर सोलायला घेतलंसुद्धा.

लॅबमधले सगळ्यात जुने महेबूबभाई मागून चालले होते. तिचे उघडे हात बघून थांबले.

"किती वेळ धरलाय हातात?"

मंजुषाने अर्धं सोललेलं स्टिकर खाली ठेवलं.

"हाताच्या गरमीनं पोलाद फुगतं, हे मला टूलरूममध्ये असताना मोतीरामभाऊंनीच शिकवलेलं," एवढं म्हणून ते आपल्या टेबलाकडे गेले. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

तिने मायक्रोमीटर दगडी टेबलावर ठेवला. दोन तास तो निवत पडला होता आणि ती दुसरी कामं करता करता त्याच्याकडे बघत होती. खोटं लाल स्टिकर दादांच्या वस्तूवर लावायचं, आणि मग त्यांच्या फोटोसमोर उभं राहायचं कोणत्या तोंडाने? हातमोजे चढवून तिने पुन्हा माप घेतलं. दोन मायक्रॉन. हिरवं स्टिकर लावलं, पुढच्या तपासणीची तारीख घातली आणि पेटी बंद केली. आता तो कायमचा दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार होता.

संध्याकाळी ती मखमलाबादच्या घरी पोचली, तेव्हा तिच्या आई, भागुबाई, ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आज आला व्हता ना? किती चुकतंय त्यांचं?"

मंजुषा दारातच थांबली. "दोन मायक्रॉन, आई."

मायक्रॉन म्हणजे काय, हे भागुबाईंनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. त्यांनी जुडीला गाठ मारली आणि ती टोपलीत ठेवली.

"तेवढं चालायचंच," त्या म्हणाल्या.

चपला न काढताच मंजुषा त्यांच्याजवळ बसली आणि पोटभर रडली.