बटणकाकूंना उठवणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. दोन हात, चार पाय आणि ताठ पाठ, एवढीच माझी मालमत्ता. तुम्ही म्हणाल, खुर्चीला कसलं आलंय आयुष्य? कोणी बसलं, कोणी उठलं, झालं. पण त्या उठण्यावरच माझं सगळं येऊन अडलं होतं, म्हणून सांगते.

मला एका सुताराने आपल्या बायकोच्या दुकानासाठी घडवलं. दुकान बटणं, दोरे आणि लेस विकण्याचं, म्हणून बायकोला सगळे बटणकाकू म्हणत. माझे हात घासून गुळगुळीत करत सुतार म्हणाला, "दमलीस की बस हिच्यात." पण काकू कसल्या बसतात! त्यांच्या पायाला भिंगरी होती. शिडीवर चढून वरचे डबे काढायचे, उतरून लेस मोजायची, पुन्हा चढायचं. मी आपली गिऱ्हाइकांच्याच वाट्याला आले. पिशव्या सावरत आलेल्या बायका माझ्यात टेकत आणि म्हणत, "काकू, तुमच्या या खुर्चीतून उठवतच नाही." मी सुखावून जायची. खुर्चीला याहून मोठी शाबासकी ती कोणती?

पुढे सुतार वारला. काही वर्षांनी काकूंनी दुकान आवरलं आणि मला मुलाच्या घरी खिडकीपाशी आणून ठेवलं. तिथे माझे हाल विचारू नका. माझ्यावर इस्त्रीचे कपडे पडत, जुनी वर्तमानपत्रं पडत. बसायचं कोणी नाव काढत नसे.

मग एका सकाळी काकू बाथरूमच्या दारातल्या पायपुसण्यावरून घसरल्या. पडणं एवढंसं, पण मनगट मोडलं. डॉक्टरबाईंनी तपासण्या करून काय सांगितलं, ते मुलाने घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा मीही ऐकलं. आईची हाडं ठिसूळ झाली आहेत. उद्या खुब्याचं हाड मोडलं तर फार जड जाईल. गोळ्या आहेतच, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, पायांत ताकद हवी, रोज चालायला हवं.

घरच्यांच्या डोक्यात त्यातलं खुब्याचं हाड तेवढं राहिलं. मुलाने माझ्यावरचे कपडे उचलले, मऊ उशी घातली आणि आईला बसवलं. "आई, तू इथून हलू नकोस. काय हवं ते सांग." मग पाणी हातात, ताट हातात, रिमोटसुद्धा हातात. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. प्रेमापोटीच चाललं होतं सगळं, आणि काकू स्वतःही मनातून घाबरल्या होत्या.

काकू अखेर माझ्यात बसल्या, याचा मला कोण आनंद झाला! पण दिवस गेले, मनगट सांधलं, तसं माझ्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली. उठताना त्या माझे हात जास्त जास्त घट्ट धरत. पाय कापत. शिडीवरून धावणारी बाई ती हीच का, असं वाटून मला गलबलून येई.

व्यायाम शिकवायला एक मुलगी येऊ लागली. म्हणाली, "काकू, हात मांडीवर ठेवा आणि न धरता उठा."

"अगं, हाडं ठिसूळ म्हणता आणि वर उठाबशा काढायला लावता?"

"हाडांना भार लागतो, काकू. बसून राहिलं की ती जास्त झिजतात."

"झिजली ती झिजली. सुकल्या लाकडाला आता काय पालवी फुटणार आहे? गोळ्या घेते की मी वेळेवर."

तरी मुलीच्या आग्रहाने त्या अर्ध्यापर्यंत उठल्या आणि धपकन परत बसल्या. "बघ, म्हटलं नव्हतं?" त्यानंतर मुलगी यायची वेळ झाली की काकूंचं डोकं दुखू लागे.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर काकूंची धाकटी नणंद एकटी राहत असे. ती रोज दुपारी गप्पा मारायला येई. एके दिवशी तिने सांगितलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे. नंतर बरेच दिवस डोळ्यात औषधाचे थेंब घालावे लागणार होते.

"आत्या, त्यासाठी बाई ठेवू," मुलगा म्हणाला.

"परक्या बाईच्या हातात डोळा देऊ? वहिनी घालेल. आयुष्यभर सुईत दोरा ओवलाय तिने, तिचा नेम चुकायचा नाही."

"वन्सं, मी?" काकू म्हणाल्या. "रस्ता ओलांडायचा, जिना चढायचा. आणि पडले म्हणजे?"

"मग राहू दे. तू खुर्चीत बस, मी अंधारात बसते. जोडी छान शोभेल."

दोघी हसल्या. मग नणंद हळूच म्हणाली, "चेष्टा सोड, वहिनी. मला भीती वाटते गं. तू जवळ असलीस तर निभेल."

मित्रांनो, पडल्यापासून काकूंना सगळे एकच विचारत, काय हवंय? आम्हाला तुम्ही हव्या आहात, असं कोणी म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी न सांगता, काकूंनी माझे हात सोडले. आपले हात मांडीवर ठेवले. उठल्या, थरथरल्या, बसल्या. पुन्हा उठल्या. मुलगा धावत आला. "आई, काय चाललंय?"

"उठतेय. आणि पाणी आणू नकोस, माझं मी घेईन."

व्यायामवाल्या मुलीने विचारलं, "आज डोकं नाही दुखत?"

"दुखायला सवड कुठाय?" काकू म्हणाल्या.

त्या दिवशी बाथरूमपुढचं पायपुसणं कचऱ्यात गेलं. काकू आधी घरात, मग अंगणात चालू लागल्या, नाक मुरडत का होईना दूध पिऊ लागल्या. हाडांसाठी त्या उठल्या नसत्या, नणंदेसाठी उठल्या. लोक नणंद-भावजयीबद्दल काहीही म्हणोत.

ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी न घसरणारे बूट घातले आणि निघाल्या. मुलाने दंड धरून रस्ता ओलांडून दिला. जिन्यापाशी त्यांनी तो हात सोडवला आणि कठडा धरला. थोड्या वेळाने मला समोरच्या खिडकीत नणंद दिसली, मान मागे टाकून बसलेली. शेजारी काकू उभ्या होत्या. मोडून सांधलेला तो हात डोळ्यावर स्थिर होता. मुलगा त्यांच्या मागे, त्या खोलीच्या दारात उभा राहून आईकडे बघत होता.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जपा. त्यांच्या वाटेतला पसारा उचला, जिन्यात दिवा लावा, माझ्यासारखी खुर्ची असेल तर ती सरकू नये म्हणून भिंतीला टेकवून ठेवा. पण त्यांना नुसतं बसवून ठेवू नका. त्यांच्याकडे काहीतरी मागा.

काकू अजून परतल्या नाहीत. थेंब केव्हाच घालून झाले असतील, गप्पा रंगल्या असतील. मी रिकामी आहे, आणि मला फार बरं वाटतंय.