शेवटचे दोन आकडे

माझा राग नाकावर असतो हे अख्ख्या अमडापूरला माहीत आहे. बायको होती तोवर म्हणायची, तुम्ही आधी भडकता आणि मग विचारता काय झालं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्याचा दोष गावानं बऱ्याच जणांना वाटून दिला आणि माझ्या वाट्याला फारच थोडा आला.

मी भाऊराव. वाचनालय सांभाळतो. चौकात आमची एक खोली, खोलीबाहेर ओटा आणि ओट्यावरच्या भिंतीला काळा फळा. बावीस वर्षं झाली, रोज सकाळी मी त्या फळ्यावर खडूनं बातम्या लिहितो. वर मोठ्या अक्षरात जगाची बातमी, खाली सोयाबीनचा भाव, कोण वारलं, लाइट कधी जाणार. आता बातम्या सगळ्यांच्या खिशात असतात, तरी फोनमध्ये आलेलं खरं की खोटं हे पाहायला लोक अजून फळ्यापाशी येतात. मास्तरनं लिहिलं म्हणजे खरं, असं म्हणतात. मी कधी शाळेत शिकवलं नाही, पण अक्षर चांगलं म्हणून मास्तर. या सगळ्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये इराणवर हल्ले सुरू झाले तेव्हा मी लिहिलं, ‘इस्रायलचा इराणवर हल्ला, अणुकेंद्रे लक्ष्य’. खडू खाली ठेवतो न ठेवतो तोच सहदेव आला. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, पेरणीचे दिवस होते, दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, पण तो फळ्यापुढे.

“मास्तर, अर्धीच बातमी काऊन लिहिली? ते बॉम्ब बनवून राह्यले होते, ते कुठी हाये?”

“बनवला होता काय? तू पाह्यला काय?” मोबाइलवाला फहीम मागून म्हणाला.

झालं. दुसऱ्या दिवशी मी इराणच्या क्षेपणास्त्रांची बातमी लिहिली तर फहीम म्हणाला, सुरुवात कोणी केली ते आधी लिहा. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही बाजू लिहिल्या तर दोघंही रागावले. जानराव नावाचे आमचे एक जुने सरपंच आहेत, ते फहीमच्या बाजूनं बोलत. त्यांना इराणचं काही पडलेलं नव्हतं. सोसायटीच्या निवडणुकीत सहदेवनं त्यांचं पॅनल पाडलं होतं, एवढंच. तरी ते इराणचा अणुकरार कोणी मोडला, शब्द कोणी फिरवला हे असं सांगत की जणू सह्या झाल्या तेव्हा हे शेजारी बसून होते. सहदेव म्हणे, आता एक अणुबॉम्ब टाकूनच द्या, एकदाची कटकट मिटते. तो हे ज्या आवाजात बोलायचा त्याच आवाजात तणनाशक कधी फवारायचं ते सांगायचा. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फहीमही काही कमी नव्हता. त्यायच्याजवळ एक असता तं कोणाची हिंमत झाली नसती, म्हणे.

या सगळ्यात गुलजार रोज यायचा. चौकाच्या पलीकडे त्याचं शिवणकामाचं दुकान. फळा वरपासून खालपर्यंत वाचायचा, सोयाबीनचा भावसुद्धा, आणि काही न बोलता जायचा. त्याची मलिहा इराणमध्ये डॉक्टरकी शिकत होती. चौथं वर्ष. बारावीची दोन वर्षं तिनं माझ्याच वाचनालयात बसून अभ्यास केला. खिडकीशेजारची खुर्ची तिची. दुपारी डुलकी लागली की खिडकीतल्या टेलिफोनची घंटा तिला जागं करायची, म्हणून तिला त्या फोनचा फार राग. वाचनालयाचा तो फोन अजून तारेचा आहे. फिरवलेला नंबर त्यावर दिसत नाही, आलेला दिसत नाही, पण चालतो.

पाच दिवस झाले होते, मलिहाचा फोन नव्हता. तिथलं इंटरनेट बंद झालं होतं.

“गुलजारभाई, तुमची पोरगी तिथीच हाये,” जानरावांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं. “तुमीच सांगा, चूक कोणाची?”

“मले नाही समजत राजेहो,” गुलजार म्हणाला आणि दुकानात जाऊन मशीनवर बसला. मशीन चालवायला नाही. तिचा नंबर लावायला. सकाळी उठल्यापासून तो तिचा बंद फोन लावत असायचा.

सहाव्या दिवशी साडेदहाच्या सुमारास मी फळा लिहीत होतो. ‘अणुयुद्धाची धमकी’ एवढं लिहून झालं होतं. धमकी कोणी दिली हे लिहायचं बाकी होतं आणि त्यावरून मागे भांडण आधीच लागलं होतं. तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला. मी ओट्यावरूनच हात आत घालून उचलला.

“काका, मी मलिहा.”

मी दुसरा कान बोटानं बंद केला. आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता.

“काका, अब्बाचा फोन लागून नाही राह्यला, एंगेज येते. मले एकच मिनिट भेटलं, मांगं पोरी उभ्या हाये. आमाले दुसऱ्या गावी आणलं. आज संध्याकाळी बॉर्डरवर बस जाणार हाये, इथले पाच वाजता. माहा पासपोर्ट युनिव्हर्सिटीतच राह्यला. नंबर पाठ नाही मले. घरी झेरॉक्स हाये, अम्मीच्या पेटीत. अब्बाले सांगजा, या नंबरवर फोन करून पासपोर्टचा नंबर सांगा. ज्याचा नंबर लिस्टमध्ये, त्यालेच बसमध्ये घेतात. लिहून घेता ना काका?”

“सांग बाई, सांग.”

खडू माझ्या हातातच होता. तिनं चौदा आकडे सांगितले, मी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिले. एकदा म्हणून दाखवले, ती हो म्हणाली आणि फोन तुटला. कागद दोन हातांवर होता, रजिस्टर होतं, पेन होतं. बावीस वर्षांची सवय, काही महत्त्वाचं आलं की हात फळ्यावर जातो. त्याला मी काय करू.

तिथले पाच म्हणजे आपले सात. भरपूर वेळ होता. मी गुलजारला फोन लावला. एंगेज. अर्थातच एंगेज, तो तिलाच लावत बसला होता. म्हटलं नंबर कागदावर उतरवून स्वतःच जावं चौकापलीकडे. रजिस्टर घ्यायला मी वळलो.

तेवढ्या वेळात सहदेवनं ओट्यावर चढून खडू घेतला होता. ‘अणुयुद्धाची धमकी’च्या पुढे त्यानं ‘इराणची’ लिहिलं. फहीमनं ते तळहातानं पुसून ‘अमेरिकेची’ लिहिलं. माझ्या फळ्यावर. बावीस वर्षांत त्या फळ्याला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता.

“खाली उतरा दोघंही,” मी म्हटलं.

“उतरतो,” सहदेव म्हणाला. “पण एक सांगा, मास्तर, तुमी कोणाकडून? सहा दिवसांपासून पाहून राह्यलो, दोन्हीकडून गोड बोलून राह्यले तुमी.”

“हाव, आज सांगाच,” फहीम म्हणाला.

मी बादलीतलं ओलं फडकं उचललं. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरून खालपर्यंत, चारपाच हातांत मी सगळा फळा पुसून काढला आणि फडकं सहदेवच्या पायाजवळ फेकलं. “घ्या,” म्हटलं, “आता लिहा काय लिहायचं ते.”

आणि मग मी कोपऱ्याकडे पाहिलं.

मी खाली बसलो. सहदेव आधी हसला, त्याला वाटलं मास्तरला चक्कर आली. मी त्यांना सांगितलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. फहीम चौक ओलांडून धावत गेला आणि गुलजारला घेऊन आला.

ओला फळा वाळला की पुसलेलं पुसट दिसायला लागतं, हे मला माहीत होतं. मी सगळ्यांना बाजूला सारलं. कोणी हात लावू नका म्हटलं. जुना पेपर घेऊन सहदेव वारा घालायला लागला. सहा दिवस जे ओरडत होते ते वीसेक जण त्या कोपऱ्यापुढे श्वास रोखून उभे. गुलजारची बायको चांदबी आली. पासपोर्टची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. तिला वाटलं फोन चालू आहे, आता लगेच कोणीतरी नंबर विचारेल.

फळा वाळत गेला. शून्य दिसलं, शून्य, नऊ, आठ. फहीमनं मोबाइलवर फोटो काढून तो काळापांढरा केला. एक एक करून बारा आकडे मिळाले. पुढे माझ्या हाताचा जोर जास्त पडला होता. तिथं नुसता पांढरट धूर, आणि धुराखाली मागे कधीतरी लिहिलेला सोयाबीनचा भाव.

“शेवटचे दोन आठवा ना मास्तर,” गुलजार म्हणाला. रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

आठवत नव्हते. मी म्हणून दाखवले होते, मोठ्यानं, माझ्याच तोंडानं. डोळे मिटले, डोकं धरलं, मनातल्या मनात मलिहाचा आवाज ऐकला. ‘लिहून घेता ना काका’ एवढंच ऐकू येत होतं.

दोन आकडे म्हणजे शंभर नंबर. गुलजारचा सोडला तर परदेशात लागेल असा फोन फहीमचाच होता, त्यावरून त्यानं शून्य शून्यपासून सुरुवात केली. गुलजारला आम्ही सांगितलं, तुझा फोन खिशात ठेव, हात लावू नको, तिनं परत लावला तर लागला पाहिजे. वाचनालयाच्या फोनलाही कोणी हात लावायचा नाही, मी त्याच्याशेजारी बसलो. पाच दिवस जो माणूस नंबर लावत होता तो आता हात मांडीवर ठेवून बसला. त्याला बोटांचं काय करावं कळत नव्हतं.

बरेच नंबर लागतच नव्हते, एकेक पुन्हा पुन्हा लावावा लागे. काही वाजत राहिले. काही जणांनी उचलले. फहीम हिंदीत, उर्दूत, मोडक्या इंग्रजीत विचारायचा, मलिहा, हिंदुस्तानी, बस. पलीकडून कोणी बाई त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायची, भरभर, रडवेल्या आवाजात, आणि फहीमला काही कळायचं नाही. एका म्हाताऱ्यानं फोन ठेवलाच नाही. त्यालाही कोणाच्या तरी फोनची वाट असावी. सत्तेचाळीसपर्यंत फहीमचा रिचार्ज संपला. सहदेवनं न विचारता दुसरा टाकून दिला.

दिल्लीचा सरकारी मदतीचा नंबर तीनच्या सुमारास लागला. पलीकडच्या माणसानं नाव, पासपोर्टचा नंबर सगळं नीट लिहून घेतलं, पुढे कळवतो म्हणाला. पुढे म्हणजे कुठे, हे त्यालाही माहीत नसावं.

साडेसहाला आम्ही एकाहत्तरवर होतो. सातला चौऱ्याहत्तर. त्यानंतर तिकडची एकही लाइन लागेना, सगळ्या नंबरांना एकच टेप. फहीम लावत राहिला. चांदबीनं पिशवी खाली ठेवली नाही. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी सवयीनं फळ्यापाशी गेलो. वाटलं होतं, आज चौक रिकामा असेल. नव्हता. सगळे होते, आणि बोलत होते.

“सुरुवात यानं केली,” जानराव सांगत होते. “सहदेव ओट्यावर चढलाच नसता तं काही झालं नसतं.”

“अन् यानं माहं लिहिलेलं पुसलं ते?” सहदेव म्हणाला. “पुसापुशी पहिले कोणं केली ते पाहा ना.”

“तू लिहिलं म्हणून मी पुसलं,” फहीम म्हणाला. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते. तरी बोलत होता.

“ऐका,” मी म्हटलं. “पुसलं मी. फडकं माझ्या हातात होतं.”

“तुमी राहू द्या मास्तर,” सहदेव म्हणाला. “तुमाले कोणी भाग पाडलं, तो मुद्दा हाये.”

मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडून म्हटलं. माझा कबुलीजबाब दोघांपैकी एकाच्याही कामाचा नव्हता. ते बोलत राहिले, तीच वाक्यं, तीच बोटं एकमेकांकडे, फक्त देशांच्या जागी आता त्यांची स्वतःची नावं होती.

गुलजार गर्दीतून ओट्यावर आला. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. पोरीची काही खबर नव्हती, बस गेली की नाही, ती गेली की राहिली, काहीच नाही. त्यानं खाली पडलेला खडू उचलून माझ्या हातात दिला.

“मास्तर, डोक्याले नाही आठवत तं नाही,” तो म्हणाला. “तुमी नुसतं लिहून पाहा. हाताले याद असन.”

मी कोपऱ्याशी बसलो. बसूनच लिहायला लागलो, काल जसं लिहिलं होतं तसंच, न थांबता. शून्य, शून्य, नऊ, आठ. गुलजार माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता. त्याचा श्वास मला कानाजवळ ऐकू येत होता. बाराव्या आकड्यापर्यंत हात सरळ गेला.

मग थांबला. मी खडू फळ्याला टेकवून तसाच बसलो. मागे ते अजून विचारत होते, सुरुवात कोणी केली.