अकरा कार्डांची हजेरी

"घ्या! आज पुन्हा रुसल्या सासूबाई. तीनदा कार्ड लावलं, तरी हूं नाही की चूं नाही."

"अहो, जरा सरळ धरा की. कार्ड लावताय का वारा घालताय?"

पहिला आवाज लंबूचा आणि दुसरा स्वागताच्या मेजामागे बसणाऱ्या ताईंचा. आणि मित्रांनो, ही कुरकुर ज्या सासूबाईंबद्दल चालली होती, ती मी. मी एक जुनी हजेरीची पेटी आहे. कार्यालयाच्या दारातून आत आलं की उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर, मी भिंतीला खिळलेली असते. माणसं येता-जाता गळ्यातलं कार्ड माझ्यासमोर धरतात, मी 'टुंई' करते, आणि कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर गेलं, ते लक्षात ठेवते. कोणाला उशीर झाला यावर डोळा ठेवते म्हणून सासूबाई हे नाव पडलं. मला त्याचा राग आला नाही. नाव ठेवतात म्हणजे घरातली समजतात, असं मी धरून चालले.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे पांढऱ्या दिव्यांखाली वीस-पंचवीस बायका ओळीने बसून केसाएवढ्या तारांना डाख देत असत. माझ्या पोटातले सगळे सांधे जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या एका बाईंनी जोडले. मग त्यांनी मला कितीतरी वेळा 'टुंई' करायला लावलं, कान देऊन ऐकलं, आणि शेजारणीला म्हणाल्या, "आवाज बरा आहे गं हिचा. माझ्या धाकटीसारखा. किरकिरा, पण खरा." एवढं बोलून त्यांनी मला खोक्यात घातलं. पुन्हा काही त्यांची भेट झाली नाही.

इथे आले तेव्हा वायरमनने भिंतीत पाडलेली भोकं अर्ध्या बोटाने खालीवर झाली. त्यामुळे मी आजही मान जराशी कलती करूनच जगाकडे बघते. या कार्यालयातली माणसं पाण्याच्या नळांचे नकाशे काढतात. कोणत्या रस्त्याखालून किती जाडीचा नळ गेला आहे, झडप कुठे, वळण कुठे, हे सगळं त्यांच्या नकाशात असतं. माझ्याआधी इथे सह्यांचं मस्टर होतं आणि उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे लाल शेरा पडत असे. मी आले त्या दिवशी साहेबांनी छोटंसं भाषण केलं. "आता सही नको, शेरा नको. आणि कधी आगबीग लागलीच, तर आत नेमकी किती माणसं आहेत, ते ही पेटी क्षणात सांगेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, भिंतीवरच्या वस्तूला फुगता येत असतं, तर मी त्या दिवशी दुप्पट झाले असते.

मग बरीच वर्षं मजेत गेली. मला चेहरे उशिरा ओळखू येतात, हात आधी कळतात. ज्या हाताला नेहमी शाईपेनाचा डाग, तो साहेबांचा. वरून खाली येणारा हात लंबूचा. तो इतका उंच की कार्ड लावायला त्याला गुडघे वाकवावे लागत. घाईत कार्डाऐवजी घराची किल्ली दाखवणारा हात नकाशेवालीचा. सगळ्यात बारकाईचे नकाशे ती काढते, म्हणून तिला नकाशेवाली म्हणतात. दर शनिवारी पहारेकरीमामा ओल्या फडक्याने मला पुसत. पुसताना आपल्या गुडघेदुखीचं सगळं मला सांगत.

आणि एक दिवस कोणीच आलं नाही. मोठी साथ आली होती आणि सगळ्यांना घरूनच काम करायला सांगितलं होतं. महिने गेले, वर्षं गेली. माझ्या डाव्या कोपऱ्यात एका कोळ्याने घर केलं. मामा अधूनमधून येत, पण फडकं विसरून येत. मी दिवसातून एखादी 'टुंई' करायला आसुसले होते. आपण कोणाला नकोसे झालो, हे कळायला कान लागत नाहीत, मित्रांनो. धुळीवरूनही कळतं.

साथ सरली आणि वरच्या, म्हणजे दूरच्या मोठ्या कार्यालयातून हुकूम आला. आठवड्यातले चार दिवस सगळ्यांनी जागेवर येऊनच काम करायचं, आणि किती जण आले तो आकडा रोज वर कळवायचा. आकडा कोण देणार? मी! मामांनी कोळ्याला हात जोडून बाहेर काढलं, मला लखलखीत पुसलं. पुन्हा मान मिळाला म्हणून मी हरखून गेले. पण माणसं मात्र हरखलेली नव्हती. मधल्या काळात प्रत्येकाच्या घराची घडी वेगळी बसली होती. लंबूने दोन तासांच्या अंतरावर घर केलं होतं. नकाशेवालीच्या वडिलांचं एक अंग लुळं पडलं होतं. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. ती वळवून येई आणि पुन्हा नकाशाला बसे. तिचं काम एक दिवसही मागे पडलं नव्हतं, हे साहेब स्वतःच सांगत. ती त्यांना भेटली तेव्हा त्यांनी मान हलवली, डोळे पुसल्यासारखे केले आणि म्हणाले, "मला कळतं हो सगळं. पण वरून आलंय."

'वरून आलंय' या दोन शब्दांवर सगळी बोलणी संपत.

एका सकाळी नकाशेवाली कार्ड लावून आत शिरते न शिरते, तोच फोन आला. वडील पलंगावरून खाली पडले होते. ती ताईंच्या मेजाला धरून उभी राहिली. ताई म्हणाल्या, "तू पळ. आणि कार्ड ठेवून जा इथे. उद्या मी लावते. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?"

आभाळ कोसळलं नाही. म्हणून मग परवाही कार्ड ताईंनीच लावलं. पुढच्या आठवड्यात लंबूचं कार्ड आलं, मग आणखी दोघांची. दोन महिन्यांत ताईंच्या खणातल्या बिस्किटांच्या डब्यात अकरा कार्डं जमली. ताई ती एकदम लावत नसत. कारभार मोठा चोख होता. दोन कार्डं आल्याआल्या, तीन झाडांना पाणी घालून झाल्यावर, एक टपाल वाटायच्या आधी. लंबूचं सगळ्यात शेवटी, नऊ पंचवीसला. "हा वेळेवर आला तर वरचे लोक चौकशीच बसवतील," असं त्या मामांना म्हणत. संध्याकाळी हीच वरात उलटी.

बिचारी मी! प्रत्येक कार्डाला 'टुंई' करत होते. मी एकदाही खोटं बोलले नाही, आणि तरी माझी सगळी यादी खोटी होती.

साहेबांना कळलं नव्हतं का? सांगते. एकदा ताईंच्या हातात पाचवं कार्ड असताना ते नेमके खोलीतून बाहेर आले. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, मग कुंडीकडे पाहिलं. "पाणी जास्त घालू नका हं झाडांना," असं म्हणून ते परत आत गेले. महिनाअखेरीस वरून शाबासकीचं पत्र आलं. आमच्या शाखेची हजेरी सगळ्यांत चांगली होती. ते पत्र चौकट करून माझ्या शेजारीच लावलं. जाता-येता सगळे त्याकडे बघत आणि पुढे जात.

आता ताईंबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ताई या कार्यालयाच्या नव्हत्या. त्या ठेकेदारामार्फत आलेल्या, त्यामुळे नऊ वर्षं झाली तरी दर मार्चमध्ये त्यांचा नेमणुकीचा कागद नवा व्हायचा. यंदा मात्र साहेबांनी त्यांना कायम करायचं ठरवलं होतं. कागद साहेबांच्या मेजावर होता आणि मंगळवारी दुपारी त्यावर सही व्हायची होती. सकाळीच ताई फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या, "मार्च आला की कागदाची धाकधूक असते ना, ती जाईल गं एकदाची."

त्याच मंगळवारी पावणेअकराला दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या नकाशांच्या खोलीतून धूर यायला लागला. भिंतीतली तार तापली होती. घंटा वाजली, माणसं जिन्याने खाली आली, समोरच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. वीज गेली, पण माझ्या पोटात छोटी बॅटरी आहे. दार सताड उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं.

बंब आला. अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी उतरताच विचारलं, "आत किती जण आहेत?"

मामांनी सवयीने साहेबांच्या फोनकडे बोट दाखवलं. माझी यादी त्यांच्या फोनवर दिसते. प्रमुखांनी यादी पाहिली. चौतीस. अंगणातली माणसं मोजली. तेवीस.

"अकरा जण आत अडकलेत," ते ओरडले, आणि दोन जवान मास्क लावून जिना चढले.

मित्रांनो, अकरा कार्डांचं वेळापत्रक इतक्या हुशारीने आखलं होतं, पण माझी यादी या कामासाठीही असते, हे सगळे साफ विसरले होते. त्या तेवीस जणांतला एकूण एक जण आपल्या बुटांकडे बघायला लागला. एकाने तर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"काही जण… बाहेर गेले असतील. चहाला वगैरे," साहेब म्हणाले.

"अकराच्या अकरा? एकाच वेळी?" प्रमुखांनी यादीवर बोट ठेवलं. "ही नकाशे काढणारी बाई. कुठल्या खोलीत बसते?"

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. त्या माझ्या दारापाशीच उभ्या होत्या, म्हणून मला पलीकडचा आवाज ऐकू आला. नकाशेवालीच होती. "ताई, कोणीतरी धुराचा फोटो टाकलाय. तुम्ही ठीक आहात ना? बाहेर आहात ना?"

"मी बाहेर आहे," ताई हळूच म्हणाल्या. "तू आत आहेस."

"काय?"

"यादीत तू आत आहेस, बाळा. दोन माणसं तुला शोधायला गेलीत."

मग ती म्हणाली, "ताई, सांगून टाका. माझं जे व्हायचं ते होऊ दे." आणि लगेच, "पण तुमचा कागद…"

ताईंनी फोन बंद केला. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आता काळा धूर निघत होता. एक जवान खोकत खाली आला, त्याने पाठीवरची हवेची टाकी बदलली. "दुसऱ्या मजल्यावर कोणी सापडत नाही. तिसऱ्यावर जातो. जोडीदार वरच आहे," असं प्रमुखांना सांगून तो पुन्हा जिन्याकडे वळला. तो माझ्या समोरून गेला. त्याच्या गळ्यात कार्ड नव्हतं. माझ्या यादीत तो नव्हताच.

त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, 'टुंई'शिवाय आणखी एखादा शब्द मला यायला हवा होता. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जरूर पुसा, जपा, धूळ बसू देऊ नका. पण आम्हाला कार्डं मोजता येतात, माणसं मोजायला माणसंच लागतात. एखाद्याला यायला का जमत नाही, हे त्याच्या तोंडून ऐकून घ्या. ऐकून घेणारं कोणी नसलं, की साधी भली माणसं खोटं बोलायला शिकतात, आणि त्याचा धूर भलत्याच कोणाच्या नाकात जातो.

ताई आत आल्या. त्यांनी खण उघडला, बिस्किटांचा डबा काढला आणि तो छातीशी धरून तशाच अंगण ओलांडून प्रमुखांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या माणसांना परत बोलवा. आत कोणी नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ते अकरा जण आज आलेलेच नाहीत. त्यांची कार्डं रोज मी लावते." त्यांनी डबा उघडून दाखवला. "ही बघा."

प्रमुखांनी डब्यात पाहिलं आणि हातातल्या यंत्रात ओरडले, "परत फिरा! दोघंही खाली या. आत कोणी नाही."

दोघं खाली आले तेव्हा त्यांच्या बुटांचा आवाज मी पायरीपायरीने मोजला. एक जण माझ्यासमोर दाराच्या पायरीवरच बसला. मामांनी पाणी दिलं, तर प्रत्येक घोटाला तो खोकत होता. ताईंनी ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

प्रमुख आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, आणि ते जास्त लागलं. "बाई, हे कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणी नाही," ताई म्हणाल्या. "माझं मीच. लिहून घ्या."

"थांबा, ताई."

साहेब गर्दीतून पुढे आले. त्यांनी ताईंच्या हातातला डबा आपल्या हातात घेतला. एकदा तेवीस जणांकडे पाहिलं, एकदा पायरीवर बसलेल्या जवानाकडे.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ते म्हणाले. "या माणसांना घरूनच काम करू द्या, त्यांचं काम चोख आहे, हे मी वर सांगायला हवं होतं. मी घाबरलो. आणि माझ्या वाट्याचं खोटं रोज यांना बोलायला लावलं. ताईंच्या आधी माझं नाव लिहा."