मेणकापडाची शिवण

झुंबरबाईची छपराची दमणी सारंगखेड्याच्या जत्रेत येऊन थांबली की आजूबाजूच्या गाड्यांतल्या बाया हातातलं काम टाकून बघायच्या. त्यांनी बघावं म्हणूनच ती पायरीवर जरा जास्त वेळ उभी राहायची. या साली तर बघण्यासारखं होतंच. इतरांच्या गाड्यांवर गोणपाट, फार तर जुनी घोंगडी. झुंबरबाईच्या दमणीवर मात्र धुळ्याहून आणलेलं मेणकापड, काचेसारखं गुळगुळीत. दोन पट्टे जोडून मधली शिवण तिनं स्वतःच्या हातानं घातली होती. पुढं पडदा, मागं पडदा, दोन्हींना नाड्या. मार्गशीर्षातला तापीकाठचा वारा हाडात शिरतो म्हणतात, पण तिच्या दमणीत शिरेल तर शपथ.

"मुंगीले बी आत येवाले वाट नही," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

पहिल्याच संध्याकाळी सून इंदिरा हळूच म्हणाली, "आत्या, मांगला पडदा जरासा उघडा ठेवूत का? दम कोंडस."

"काबर? कापड तुन्हा बापनी आनेल शे का?"

इंदिरेनं नाड्या आवळून बांधल्या. लेक भाईदास बैलांजवळ शेकोटीपाशी झोपायला गेला. आत तिघी: सासू, सून आणि सुनेची धाकटी बहीण धुरपदा. झोपताना झुंबरबाईला सांध्यांवर शेक लागे, म्हणून कढत पाण्याचं पातेलं आतच वाफाळत राहायचं.

धुरपदा अकरा वर्षांची. बाप नाही. आईनं झुंबरबाईच्या पायावर डोकं ठेवून पोर सोपवली होती. पिंपळनेरची यशोदाबाई मुलासाठी पोर बघायला जत्रेत येणार होती आणि तिच्याकडे शब्द झुंबरबाईनंच टाकला होता. "मी आणलेली पोर परत धाडणारी यशोदा अजून जन्मायची आहे," असं ती गावात चार जणींसमोर बोलून आली होती.

सकाळी मागच्या कोपऱ्यातली धुरपदाची गोधडी मधोमध ओली.

"माय वं! अकरा वरीसनी घोडी नि गोधडी ओली करस?"

"माले काहीच समजनं नही, मावशी," धुरपदा पुटपुटली. तिला स्वतःलाच खात्री नव्हती.

"आत्या, वास तं येत नही," इंदिरा म्हणाली.

"मंग काय आभाळ गळनं?"

त्या दिवशी दुपारनंतर धुरपदा पाणी प्यायली नाही. तरी दुसऱ्या सकाळी गोधडी पुन्हा ओली. झुंबरबाईचा पारा चढला. "बठ्ठी जत्राले दखाडस थांब," म्हणत तिनं ती गोधडी दमणीच्या जुवावर पसरली आणि कुणाची ते मोठ्यानं सांगितलं. घोड्यांना खरारा करणारी माणसं हसली. शेजारच्या गाडीतल्या पोरांनी धुरपदाला चिडवायचं नाव पाडलं आणि दिवसभर त्याच नावानं हाका मारल्या. पोर चाकाच्या आड बसून राहिली.

दुपारी यशोदाबाई आली. तिला वाटेतच सगळं कळलं होतं. धुरपदाला नीट न्याहाळून ती म्हणाली, "पोर देखणी शे, अक्का. पन मन्हा घरमा गोधड्या मोजक्या शेत, नि बठ्ठ्या कोरड्या."

शब्द टाकणाऱ्या बाईला यापेक्षा मोठी चपराक कोणती? झुंबरबाईनं तो राग पोरीवरच काढला. रात्री तिला दमणीखाली कडब्यावर झोपायला धाडलं आणि मागची मोकळी झालेली जागा दुखऱ्या गुडघ्यांसाठी आपण घेतली.

फटफटत होतं. मांडीला गार लागलं म्हणून झुंबरबाई जागी झाली. हात लावला तर गोधडी ओली. ती ताडकन उठून बसली. "या वयात? मी?" तिनं घाईघाईनं लुगडं चाचपलं, आधी इंदिरेकडे पाहिलं, ती झोपेत आहे का. आणि तेवढ्यात कपाळावर टपकन थेंब पडला.

तिनं वर हात नेला. मेणकापड आतून घामेजलं होतं, तळवा फिरवला तर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. रात्रभराचा श्वास नि पातेल्याची वाफ गार कापडाला लागून पाणी झाली होती, उतारानं शिवणीकडे येत होती आणि शिवण झोळ खाऊन बरोबर या जागी ठिबकत होती. तिनं घातलेली शिवण. तिनं बांधायला लावलेल्या नाड्या.

आपण क्षणभरच घाबरलो. पोरीनं तर दोन सकाळी हेच भय गिळलं, आणि वर आपण जत्रा गोळा केली.

तिनं पदर घेतला आणि कापड पुसायला लागली. पुसून टाकलं, पडदा उघडला, की कुणाला काय कळणार होतं? निम्मं पुसून झालं तेव्हा तिनं मागचा पडदा सारून दमणीखाली वाकून पाहिलं. धुरपदा पाय पोटाशी घट्ट आवळून झोपली होती. ओठ सुकून फुटलेले. गोधडी मात्र कोरडी ठक्क.

झुंबरबाईनं पदर खाली टाकला.

उजाडलं तेव्हा जुवावर लाल काठाची गोधडी वाळत होती. ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक. भाईदास दात घासता घासता थांबला. "माय, ही तं तुन्ही..."

"मन्हीच शे. जाय, यशोदाबाईले बलाव."

यशोदाबाई आली. झुंबरबाईनं तिचा हात धरून आत नेलं आणि न पुसलेल्या अर्ध्या कापडावर टेकवला. "पोरना दोष नही, यशोदाबाई. इंदिरानी सांगेल व्हतं, मी आयकं नही."

"म्हंजे तुन्ही शिवण गळस!"

"गळस," झुंबरबाई म्हणाली. एवढा लहान शब्द तिच्या तोंडून निघायला फार वेळ लागला.

यशोदाबाई खो खो हसली. बाहेरच्या बायाही हसल्या, आणि झुंबरबाईनं त्यांना हसू दिलं. मग यशोदाबाईनं धुरपदाच्या हातावर बत्तासा ठेवला. सोयरीक ठरली. ती गेल्यावर झुंबरबाईनं विळा घेऊन मागच्या अंगाला शिवण उसवली, दोन्ही पडदे वर गुंडाळले. वारा सरळ आरपार गेला. इंदिरेनं सुटलेल्या नाड्या गुंडाळून ठेवल्या. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दिवस कलताना भाकरी झाली. झुंबरबाईनं आपल्या हातानं तांब्या भरून धुरपदापुढं धरला. "पी वं माय. तू काहीच नही करं. मी दखं ना, आभाळच गळे."

पोरीनं मान डोलावली. तांब्या घेतला, ओठ ओले केले. मग तापीपलीकडं सूर्य किती वर उरलाय ते पाहून तिनं तांब्या हळूच खाली ठेवला.

"पानी सकायले पिसू, मावशी."