चंपाबाईंचं चौथं कडवं

मित्रांनो, माझ्या काचेभोवतीचं कडं एका बाजूने चेपलेलं आहे. ते कसं चेपलं, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा. जबलपूरला खमरियात विनता मेश्राम यांच्या घरी राहतो.

माझी पहिली सात वर्षं ललितच्या खांद्यावर गेली. तो लग्नांचं शूटिंग करायचा. हात पक्का आणि जीभ कडू. नवा कॅमेरा आल्यावर त्याने मला विनताला विकलं. ती बालवाडीत शिकवायची. तिच्या मराठी वस्तीतल्या बायकांची गाणी नीट टिपून ठेवावीत, एवढीच तिची हौस. मला तिच्या हाती देताना ललित म्हणाला, "दीदी, ये मोबाइल नहीं है. आपसे नहीं होगा."

खरं सांगतो, मलाही ती आवडली नाही. ती काचेला बोट लावायची. सूर्याकडे तोंड करून माणसं टिपायची, मग ती माणसं काळीठिक्कर दिसायची. नर्मदेच्या ग्वारीघाटावर तर ती मला घेऊन भलत्याच जागी उभी राहिली आणि नाववाला तिच्यावर खेकसला. मला ललितच्या सफाईची सवय होती. तिची थरथर मला सहन होत नव्हती.

तशात वस्तीतल्या विहाराच्या अंगणात भय्यासाहेबांचा सत्कार ठरला. भय्यासाहेब वस्तीतल्या गायनपार्टीचे प्रमुख. बाबासाहेबांवरची त्यांची गाणी तीस वर्षं सगळे गात होते. ललितला त्या दिवशी लग्नाचं काम होतं, म्हणून शूटिंग विनताकडे आलं.

ऊन इतकं होतं की माझ्या पडद्यावरचा लाल ठिपका तिला दिसलाच नाही. पिशवीतून काढतानाच तिच्या अंगठ्याने माझं बटण दाबलं गेलं होतं. मी सुरू होतो. कार्यक्रम सुरू झाल्यावर तिने पुन्हा बटण दाबलं, आणि मी बंद झालो. शाल, भाषण, टाळ्या, काहीच माझ्यात उतरलं नाही. सगळं आटोपल्यावर तिने मला बंद करायला बटण दाबलं, तेव्हा मी सुरू झालो. मला मंचामागे पाण्याच्या पिंपाजवळ खुर्चीवर ठेवून ती आवराआवरीला गेली.

तिथे चंपाबाई आल्या. त्या गायनपार्टीत मागे बसून टाळ वाजवायच्या. भय्यासाहेब पाणी प्यायला वाकले होते.

"गाणी माझी अन् शाल तुम्हाले," चंपाबाई म्हणाल्या. "माझं नाव एकदा तरी घ्याचं होतं."

"चूप राहा. तीस वर्षं झाली. आता कोण मानते तुमचं?"

"माझ्या ओट्यावर बसून शिकले तुम्ही."

"मग जा, सांगा सगळ्यांना. हसतील."

संध्याकाळी विनताने मला टीव्हीला जोडलं. चपला, गुडघे, पिंपाची तोटी, आणि हे दोन आवाज. तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दुसऱ्या दिवशी शूटिंग बघायला विहारात सगळे जमले. "माझा सत्कार कुठं आहे?" भय्यासाहेबांनी विचारलं. विनताने खरं ते सांगितलं, बटण चुकलं. मग जो तो तुटून पडला. "येत नाही तर काहून घेतला कॅमेरा?" "तमाशा करून राहिली नुसता." ललित मोठ्याने हसला. ते आवाज तिने तिथेच ऐकवले असते, तर भय्यासाहेबांचं तोंड बंद झालं असतं. पण तिने मला पिशवीत घातलं आणि चेन ओढली. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचा राग आला नाही.

तिथून ती थेट चंपाबाईंकडे गेली आणि त्यांना ते ऐकवलं. चंपाबाई भडकल्या.

"चोरून घेतलं?"

"नाही मावशी, चुकून. तुम्ही म्हणाल तर सगळ्यांना ऐकवते."

"अशी? रडक्या आवाजात? पिंपापाशी? मिटव ते. माझ्यासमोर मिटव."

विनताने ते पुसून टाकलं.  मग चंपाबाईंनी नीट पदर घेतला, ओट्यावर येऊन बसल्या. "आता ठेव समोर. चोरून नाही, मले विचारून."

पहिल्यांदा चेहरा धूसर आला. दुसऱ्यांदा मध्येच बॅटरी संपली. "तुले काही येते का नाही?" चंपाबाई ओरडल्या. विनताने बॅटरी बदलली, माझी काच पुसली, मला तिकाटण्यावर घट्ट बसवलं आणि हाताने कडं फिरवत चेहऱ्यावरची एकेक सुरकुती स्पष्ट केली. लाल ठिपका तिने तीनदा पाहिला. चंपाबाई गायल्या:

'दिवा नको गं आई मला, पाटी दे हाती...'

हे गाणं सगळ्यांना पाठ होतं, तीन कडव्यांचं. चंपाबाईंनी चौथं म्हटलं. "हे मी भय्यासाहेबाले शिकवलंच नाही," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "माझ्या मेलेल्या पोरीवर आहे. कसं देऊ?"

पुढच्या रविवारी, चंपाबाईंना विचारून, विनताने मला प्रोजेक्टरला जोडलं आणि विहाराच्या भिंतीवर ते गाणं लावलं. तीन कडवी होईपर्यंत कुजबुज होती. चौथं सुरू झालं तशी ती थांबली. भय्यासाहेब उठले. "बंद कर हे!" त्यांनी माझी वायर हिसडली. मी टेबलावरून फरशीवर पडलो. कडं चेपलं, भिंत पांढरी झाली.

बायकांमधून चंपाबाई उभ्या राहिल्या आणि अर्धं राहिलेलं कडवं त्यांनी पूर्ण केलं. भय्यासाहेबांना ते येतच नव्हतं, ते त्यात एक शब्दही मिसळू शकले नाहीत. ते तसेच बाहेर पडले.

मित्रांनो, यानंतर सगळं गोड झालं नाही. अर्धी वस्ती विनताशी बोलत नाही. भय्यासाहेबांनी शाल चंपाबाईंकडे पाठवली, ती त्यांनी दारातूनच परत केली. "मले उतरवलेलं नको," म्हणाल्या. माझं कडं आता अडकतं. विनता ते हळूच, दोन बोटांनी फिरवते. तिचा हात ललितइतका सफाईदार नाही. पण मला आता दुसऱ्या कुणाच्या हातात जायचं नाही.

तुमच्या हाती कधी माझ्यासारखा कॅमेरा आला, तर त्याला धुळीपासून जपा, त्याची काच मऊ कापडाने पुसा. आणि पुढ्यात उभ्या असलेल्या माणसाचं गाणं ऐकून टाळ्या वाजवताना, मागे टाळ धरून कोण बसलं आहे, तेही एकदा बघा.